कामगारांचे कैवारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

कामावर असताना कामगाराचा हात तुटला, तर त्याच्या मुलाबाळांनी जगावे कसे? हा प्रश्न आपल्या देशात जाहीरपणे विचारणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. पुढे ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम. आठवड्याची सुटी नाही. फिरत्या पट्ट्यात हात सापडला, तर हात जाई आणि नोकरीही जाई. मालकाच्या मर्जीने चार पैसे मिळाले तर मिळाले. मयताच्या वारसांना दावा लावण्याची सोय १८५५ च्या कायद्यात होती. परंतु मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. उपाशी विधवेने वकील कोठून आणावा?

महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांनी घडलेले लोखंडे स्वस्थ बसले नाहीत. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ पत्र मुंबईहून चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्यांनी कारखाना कमिशनकडे दिला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी त्यात होती. कामावर जबर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी.

१८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. नुकसानभरपाईची मागणी मात्र तशीच राहिली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईतील प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले.

त्यांच्या अर्जानंतर ३९ वर्षांनी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामामुळे इजा झाली एवढे दाखविले, की मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येऊ लागली. दिवाणी कोर्टात दावा लावण्याचा मार्गही कामगाराला मोकळा राहिला. मात्र एकाच इजेसाठी दोन्हींपैकी एकच मार्ग धरता येई. पुढे परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली आणि १९४८ साली राज्य विमा कायदा आला.

यावरून आपण काय घ्यावे? भरपाई हा कामगाराचा हक्क आहे. घरातील कर्त्या माणसाला कामावर अपघात झाला, तर मालकाला लेखी कळवा. दवाखान्याचे कागद जपून ठेवा. थोड्या रकमेसाठी न वाचता कोठेही सही करू नका. जाणत्या माणसाचा सल्ला घ्या आणि रीतसर अर्ज करा. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या, त्या याच हक्कासाठी!