विश्लेषण : युरिया टाकूनही सोयाबीन पिवळेच का? लीबिग यांच्या चुकीत दडलेले उत्तर

पेरणीनंतर काही आठवड्यांतच सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडू लागली की बुटीबोरी परिसरातील शेतकऱ्याची पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे असते, युरियाच्या गोणीसाठी. युरियात ४६ टक्के नत्र असते. तरीही अनेकदा शेत हिरवे होत नाही. असे का होते, याचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग नत्राच्याच प्रश्नावर सपशेल चुकले होते.

कोण होते लीबिग?

जन्म १२ मे १८०३, डार्मस्टाट. वडिलांचा रंग आणि रसायनांचा व्यापार होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा जवळपास आलाच नाही. पिके बुडाली, दुष्काळ पडला. लीबिग तेव्हा १३ वर्षांचे होते. शाळेत त्यांची प्रगती यथातथाच. औषधविक्रेत्याकडील उमेदवारीही लवकरच संपली. स्फोटक रसायनाच्या प्रयोगात छप्पर उडवल्याने हाकलले गेले, असे सांगतात. पुढे पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्याकडे शिकून १८२४ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथल्या प्रयोगशाळेत शिकायला युरोपभरातून विद्यार्थी येत.

‘किमान घटका’चा नियम काय?

वनस्पती कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावरच जगतात, असा तेव्हा समज होता. लीबिग यांनी १८४० च्या पुस्तकात तो खोडून काढला. पिकाला लागतात ती खनिजे आणि जे खनिज सर्वांत कमी, त्यावर उत्पन्न अडते. बाकीची कितीही वाढवली तरी उपयोग नाही. खरे तर हे कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्येच मांडले होते. श्रेय मात्र लीबिग यांच्या पदरात पडले.

मग चूक कुठे झाली?

पावसातून मिळणारा अमोनिया पिकाला पुरेसा आहे, नत्र वेगळे देण्याची गरज नाही, असे लीबिग यांनी ठरवून टाकले. १८४५ मध्ये त्यांचे पेटंट खत इंग्लंडमध्ये विक्रीला आले. त्यात नत्र जवळपास नव्हतेच. शिवाय पावसाने वाहून जाऊ नये म्हणून क्षार इतके घट्ट बांधले होते, की मुळांनाही ते मिळेनात. खत आपटले.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हावर प्रयोग सुरू केले होते. अमोनियाचे क्षार दिलेल्या वाफ्यांत गहू स्पष्टपणे जोमदार होता. गिल्बर्ट हे गीसेनचेच विद्यार्थी, त्यामुळे हा पराभव अधिक झोंबणारा. लीबिग अनेक वर्षे भांडत राहिले. खत न विरघळणारे केल्याची चूक त्यांनी १८६२ च्या आवृत्तीत मान्य केली; नत्राबाबत मात्र ते सहजी वाकले नाहीत. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. रोथॅमस्टेडचा तो गव्हाचा प्रयोग आजही सुरू आहे.

बुटीबोरीच्या शेताशी संबंध काय?

लीबिग यांनी नत्राला वगळले. आज उलट नत्रावरच सगळा भर असतो. नियम मात्र तोच लागू होतो. फक्त साखळीतली कमकुवत कडी आता अनेकदा सूक्ष्म अन्नद्रव्यांची असते. लीबिग यांच्या हयातीत त्यांतील बहुतेकांची गरज कुणाला ठाऊकच नव्हती. बोरॉनची गरज १९२३ मध्ये रोथॅमस्टेडमध्येच सिद्ध झाली, जस्ताची १९२६ मध्ये.

विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असते, पण ते मुळांना घेता येत नाही. पाणी साचले की अडचण वाढते. मग नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात, कारण झाड त्यांतील नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देते. लोह असे हलवता येत नाही. म्हणजे कोणते पान पिवळे, हे पाहिल्याशिवाय गोणी फोडणे महागात पडते.

सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात. त्या कामाला लोह आणि मॉलिब्डेनम लागतात, तर जादा युरियाने गाठी कमी होतात. कपाशीत जास्त नत्राने झाड माजते आणि तुडतुडे वाढतात. माती परीक्षण अहवालात जस्त ०.६ पीपीएमपेक्षा किंवा लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी दिसले, तर आधी तिकडे पाहावे लागते. लोहाच्या पिवळेपणावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी केली जाते.