कलकत्त्याचे बेथून साहेब

कलकत्ता शहरात बेथून साहेबांच्या नावाची मुलींची एक जुनी सरकारी शाळा आहे. तिचे संस्थापक जॉन इलियट ड्रिंकवॉटर बेथून हे उपदेशक नव्हते, कायदेपंडित होते. त्यांचा जन्म सन १८०१ मध्ये इंग्लंडात झाला. सन १८४८ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाचे कायदेविषयक सभासद होऊन ते हिंदुस्थानात आले.

ता. ७ मे १८४९ रोजी बाबू दक्षिणारंजन मुखर्जी यांच्या घरी त्यांनी शाळा उघडली. पहिल्या दिवशी २१ मुली आल्या. लिहावयास शिकलेली मुलगी विधवा होते, असा समज त्या काळी बंगाल्यात घरोघर होता. म्हणून त्या मुलींच्या बापांचे धैर्य आम्हांस थोडेथोडके वाटत नाही. पंडित मदनमोहन तर्कालंकार यांनी लोकनिंदा सोसून आपल्या दोन कन्या धाडिल्या व स्वतः वेतनावाचून शिकविले. पुढे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर शाळेचे चिटणीस झाले. मुलींची ने-आण करणाऱ्या गाडीवर, कन्येसही काळजीने शिकवावे, अशा अर्थाचे संस्कृत वचन लिहविले होते.

आता एक गोष्ट सांगताना आम्हांस संकोच होतो, पण ती लपविणे बरे नव्हे. या शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही आणि प्रवेश हिंदू घरच्या मुलींनाच, असा नियम होता. ख्रिस्ती मुलीस तेथे जागा नव्हती. हे प्रथम वाचिले तेव्हा आमचे मन दुखावले. तथापि तो नियम नसता तर त्या २१ बापांपैकी किती जणांनी मुलगी घराबाहेर पाठविली असती?

खर्चाचा मोठा भार साहेब आपल्या पदरचाच सोशीत. सन १८५० च्या नोव्हेंबरात नव्या इमारतीचा पाया घातला गेला. परंतु ती पुरी झालेली पाहणे त्यांस लाभले नाही. ता. १२ ऑगस्ट १८५१ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ते कलकत्त्यातच निवर्तले. येथील आपली मालमत्ता त्यांनी शाळेस दिली होती. मग लॉर्ड डलहौसी यांनी काही वर्षे स्वतः खर्च चालविला व सन १८५६ मध्ये सरकारने शाळा हाती घेतली.

कालांतराने त्या शाळेतूनच कॉलेज निघाले. डेहराडूनकडील चंद्रमुखी बसू या ख्रिस्ती मुलीस आरंभी तेथे प्रवेश नसल्याने मिशनच्या विद्यालयात शिकावे लागले होते. नियम सैल झाल्यावर ती बेथून कॉलेजात आली, सन १८८३ मध्ये कादंबिनी बसू हिच्यासह बी. ए. झाली, आणि सन १८८८ मध्ये त्याच कॉलेजाची मुख्य म्हणून नेमली गेली.