वकिली न करणारा वकिलांचा गुरू

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक म्हटले की केसरीतील अग्रलेख, सार्वजनिक गणेशोत्सव, मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य डोळ्यांसमोर उभे राहते. पुण्याच्या विंचूरकर वाड्यात त्यांनी चालविलेल्या कायद्याच्या वर्गाचे स्मरण मात्र क्वचितच होते. स्वतः वकिलीचा व्यवसाय न करता इतरांना वकील घडविणारा हा शिक्षक पुढे आरोपी म्हणून न्यायालयात उभा राहिला. त्यामुळे त्यांच्या चरित्रातील हे पान वेगळे वाचण्यासारखे आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात नोकरीस होते. सोळाव्या वर्षी पितृछत्र हरपल्यानंतरही टिळकांचे शिक्षण थांबले नाही. डेक्कन कॉलेजातून गणित विषय घेऊन पदवी मिळविल्यावर ते कायद्याकडे वळले आणि १८७९ मध्ये एलएल. बी. झाले. त्या काळी ही पदवी म्हणजे मुन्सफीची खुर्ची अथवा भरभक्कम वकिली असे समीकरण होते. परंतु सरकारी नोकरी करावयाची नाही, शिक्षणास वाहून घ्यावयाचे, असा निश्चय त्यांनी आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी महाविद्यालयात असतानाच केला होता. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी केसरी व मराठा ही पत्रे निघाली.

टिळकांनी पदवी घेतली त्याच वर्षी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक महत्त्वाचा कायदा झाला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते. कर्जरोखे जाळण्यात आले होते. त्यानंतर आलेल्या या शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशास कर्जरोख्यावरील आकड्यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. खेड तालुक्यातील चाकण, निघोजे या गावांचा शेतकरीही त्याच्या कक्षेत आला. परंतु कायदा कागदावर असणे आणि तो जाणणारा माणूस तालुक्याला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. उच्च न्यायालयातील बॅरिस्टर खेड्यातील कुणब्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्याचा आधार म्हणजे जिल्हा वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेला स्थानिक वकील.

असे वकील घडविण्याचे काम टिळकांकडे आले ते मात्र एका वियोगातून. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांतील मतभेद विकोपाला जाऊन १८९० च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. दहा वर्षे ज्या संस्थेसाठी घालविली ती सुटली आणि तिच्याबरोबर वेतनही गेले. लौकरच केसरी व मराठा या दोन्ही पत्रांची मालकी कर्जासकट त्यांच्याकडे आली. पत्रांतून संसार चालणे शक्य नव्हते. वकिलीची सनद घेतली असती तर पैशाचा प्रश्न उरला नसता. पण अशिलांत गुंतलेल्या माणसास सार्वजनिक कामासाठी वेळ आणि मोकळीक उरत नाही, हे ते जाणून होते. लातूर येथे भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना त्यांनी काढला आणि पुण्यात कायद्याचा वर्ग सुरू केला. इलाख्यातील या प्रकारचा हा पहिलाच खासगी वर्ग मानला जातो. उच्च न्यायालयाच्या आणि जिल्हा वकिलीच्या परीक्षांची तयारी तेथे करून घेतली जात असे. विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टिळकांचे घर चालले आणि लेखणी कोणाची मिंधी झाली नाही.

व्याप वाढल्यावर त्यांना सहकाऱ्याची गरज भासली. १८९६ मध्ये साताऱ्यात नव्यानेच वकिली करू लागलेले नरसिंह चिंतामण केळकर वर्गास व मराठा पत्रास साहाय्य करण्यासाठी पुण्यात आले. वकिलीत जम बसविण्याचा विचार करणारा हा तरुण पुढे केसरीचा संपादक, पुणे नगरपालिकेचा अध्यक्ष, साहित्यसम्राट आणि टिळकांचा चरित्रकार झाला. टिळकांच्या सहवासात घडलेल्या कायदेपंडितांपैकी हे सर्वांत ठळक नाव होय.

त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि वर्गातील कायदा वाड्याबाहेर पडला. दुष्काळ संहितेनुसार पीक बुडालेल्या रयतेस सारामाफी वा तहकुबी मागता येते, हे टिळकांनी केसरीतून सोप्या मराठीत समजावून सांगितले. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव हिंडून हीच माहिती देऊ लागले. सरकारचाच कायदा सरकारला दाखविण्याची ही रीत अधिकाऱ्यांना रुचली नाही. काही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची सरकारी मान्यता काढून घेण्यात आली.

जुलै १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. त्यासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. खटल्यात मात्र अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ताईमहाराज प्रकरणात १९०३ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, पण १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्यातील दिवाणी दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने लागला.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. टिळकांनी बचावाचे भाषण स्वतः केले. कलमांचा अर्थ, भाषांतरातील चुका आणि वृत्तपत्राचे कर्तव्य यांवर ते एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. सात ज्यूरींनी त्यांना दोषी आणि दोघांनी निर्दोष ठरविले. २२ जुलै रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. ज्याने इतरांना युक्तिवाद शिकविला त्याचा स्वतःचा युक्तिवाद न्यायालयात हरला, पण देशभर पोहोचला. १९१६ च्या तिसऱ्या प्रकरणात मोहम्मद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि उच्च न्यायालयाने जामिनाचा हुकूम रद्द केला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय उभे राहिले.

आज विधी महाविद्यालयांची वाण नाही, उणीव आहे ती पदवीनंतर हात धरणाऱ्याची. नव्या वकिलाने ज्येष्ठाकडे वर्षभर उमेदवारी करावी, असा नियम बार कौन्सिलने १९९५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ मध्ये रद्द ठरविला. तेव्हापासून उमेदवारी हा दोघांच्या मर्जीचा प्रश्न उरला आहे. निघोजे, चाकण परिसरात शेताच्या जागी कारखाने आले. कर्जरोख्यांबरोबर भूसंपादनाच्या नोटिसा, वाटणीचे दावे आणि कामगारांची प्रकरणे आली. सामान्य माणसाला आजही समजेल अशा भाषेत कायदा सांगणारा, जवळचा आणि जाणता वकील हवा असतो. तो नुसत्या परीक्षेतून तयार होत नाही, त्याला कोणीतरी घडवावे लागते. विंचूरकर वाड्यातील त्या वर्गाचे मोल यातच आहे.