बटाटा, मेंदू आणि कमला सोहोनी

आमच्या पनवेलमध्ये लाइट गेली की वायफाय बंद पडतं आणि घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. मेंदूचं नेमकं उलटं आहे. तिथे सप्लाय तुटला की बोलणंच थांबतं.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण निवांत बसलेल्या माणसाची सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो. त्यातला मोठा वाटा सिनॅप्सवर जातो. सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधली बारीक फट. एक पेशी तिथे रसायनाच्या पिशव्या रिकाम्या करते, समोरची ते रसायन ओळखते. मग पिशव्या पुन्हा भरायच्या, आत शिरलेलं सोडियम बाहेर काढायचं. या सगळ्याला एटीपी लागतं. त्याचा साठा पेशीत फार नसतो, ते सतत बनवत राहावं लागतं. बहुतेक एटीपी मायटोकॉन्ड्रियात बनतं. तिथे इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवणारं एक छोटं प्रथिन आहे, सायटोक्रोम सी. कमलाबाईंचं नाव जोडलं गेलंय ते याच प्रथिनाशी.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, मोठी बहीण दुर्गा भागवत. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. मार्क उत्तम होते. तरी संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, काम पटलं तरच पुढे. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलला. पण वर्षभरात त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर असं काम केलं, की रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींसाठी दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे आधी डेरेक रिक्टर यांच्यासोबत काम. गंमत म्हणजे हेच रिक्टर पुढे मेंदूच्या रसायनशास्त्रातलं मोठं नाव झाले. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग केले आणि वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. प्रबंध जेमतेम ४० पानांचा, तोही साधारण १४ महिन्यांत. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

त्यांनी मेंदूवर संशोधन केलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्यांच्या कामाचा अर्थ बघा. ऊर्जा बनवायची ही पद्धत प्राण्यांपुरती नाही. भाजीतला बटाटा आणि हे वाचणारा तुमचा मेंदू, दोघांकडे इलेक्ट्रॉनचा हमाल एकाच जातीचा.

त्या १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था, जिथे त्या पुढे संचालकही झाल्या. तिथे त्यांनी नीरेतल्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नंतर अन्नभेसळीविरुद्ध ग्राहक चळवळीत उतरल्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

प्रवेशाच्या त्या नकारावर १९३३ मध्येच त्या घरी परतल्या असत्या, तर बटाट्यातला हा शोध दुसऱ्या कुणाच्या नावावर लागला असता.