मिखाईल स्पेरान्स्की

रशियाचें साम्राज्य इतकें अफाट होतें कीं, सेंट पीटर्सबर्ग ह्या राजधानींतून निघालेला हुकूम पूर्व सैबेरियांत पोहोंचावयास कित्येक आठवडे लागत. राजा दूर असला म्हणजे गांवचा अंमलदारच राजा होऊन बसतो. अशा अंमलदारांशीं ज्यानें झुंज घेतली, त्या मुत्सद्द्याचें हें अल्प चरित्र आहे.

मिखाईल स्पेरान्स्की ह्याचा जन्म इ. स. १७७२ मध्यें व्लादिमीर प्रांतांतील चेर्कुतिनो नामक खेड्यांत एका धर्मगुरूच्या घरीं झाला. घराण्यास आडनांव नव्हतें. तें त्याला धर्मपाठशाळेंत मिळालें. आशा ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तें बनविलेलें होतें. बुद्धि व उद्योग ह्यांच्या बळावर तो चढत गेला आणि बादशहा पहिला अलेक्झांडर ह्याचा उजवा हात बनला. विद्यापीठाची पदवी किंवा परीक्षा ह्यांवांचून वरच्या दर्जाची बढती मिळूं नये, असा कायदा त्यानें १८०९ मध्यें करविला. वशिल्यावर विसंबलेले अधिकारी खवळले, दरबारी सरदार त्यांना मिळाले, आणि १८१२ मध्यें बादशहानें त्याला हद्दपार केलें.

पुढें १८१६ मध्यें तो पेन्झा प्रांताचा गव्हर्नर व १८१९ मध्यें सैबेरियाचा गव्हर्नर-जनरल झाला. त्याच्या पूर्वीचा गव्हर्नर-जनरल पेस्टेल हा वर्षानुवर्षें राजधानींतच राहून कारभार हांकीत असे. त्यामुळें सैबेरियांतून आलेली तक्रार तेथल्या तेथें दाबली जाई. त्याच्या पाठबळावर इर्कूत्स्कचा गव्हर्नर ट्रेस्किन मन मानेल तसें राज्य करी. विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांनाहि त्यानें हद्दपारी भोगावयास लाविली. ट्रेस्किनच्या हाताखालीं निझ्नेउदिन्स्क जिल्ह्यावर लोस्कुतोव नांवाचा अंमलदार होता. नवा गव्हर्नर-जनरल येतो आहे असें कळतांच त्यानें लोकांजवळील कागद, शाई व लेखण्या गोळा करून कचेरींत ठेवविल्या, अशी हकीकत आहे.

तरीहि अर्ज लिहिला गेलाच. दोन म्हाताऱ्यांनीं गुडघे टेकून तो स्पेरान्स्कीच्या हातीं दिला. त्यानें अर्ज वाचविला व लोस्कुतोव ह्यास तेथेंच अटक करण्याचा हुकूम दिला. तेव्हां त्या म्हाताऱ्यांनीं त्याचा कोट हळूच ओढला आणि हा लोस्कुतोव आहे, आपणांस कांहीं अपाय तर होणार नाहीं ना, असें कुजबुजत विचारलें. बादशहाच्या प्रतिनिधीपेक्षांहि गांवच्या अंमलदाराचें बळ त्यांना मोठें वाटत होतें !

चौकशींत सहाशेंहून अधिक माणसें गुंतलेलीं आढळलीं. ट्रेस्किन पदच्युत झाला. परंतु वाईट माणूस काढून चांगला नेमल्यानें काम भागत नाहीं, हें स्पेरान्स्कीनें ओळखलें होतें. म्हणून १८२२ च्या नव्या कायद्यानें सैबेरियाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि गव्हर्नराच्या जोडीस सल्लागार मंडळें नेमण्यांत आलीं. ह्या मंडळांत बहुतेक अधिकारीच बसत; त्यामुळें रोग समूळ गेला नाहीं. तथापि एका माणसाच्या लहरीवर प्रांत सोडूं नये, हें तत्त्व कायद्यांत आलें.

राजधानींत परतल्यावर त्यानें रशियाचे विखुरलेले कायदे एकत्र करविले. १८३० मध्यें त्यांचा ४५ खंडांचा संग्रह निघाला, आणि १८३२ मध्यें चालू कायद्यांची १५ खंडांची संहिता तयार झाली. अंमलदाराची लहर चालूं नये, तर प्रथम कायदा लेखी व सर्वांस सांपडेल असा पाहिजे. इ. स. १८३९ मध्यें तो मरण पावला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां कचेरींत खुर्चीवर बसतील. कोणी म्हातारा चुरगळलेला अर्ज घेऊन दाराशीं उभा राहील. त्या अर्जापायीं त्याला किती भय गिळावें लागलें असेल, हें तेव्हां आठवा आणि अर्ज वाचा.