नागठाण्याच्या नारायणाचा ‘बालगंधर्व’ कसा झाला

पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं नागठाणे म्हणजे नटसम्राट बालगंधर्वांचं गाव. त्यांचं मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८ चा. उतारवयातले बालगंधर्व अनेकांना माहीत आहेत, पण सुरुवातीची वाट सोपी नव्हती.

गळा लहानपणापासूनच गोड. नातेवाइकांकडे जळगावला राहून त्यांनी मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. दहा-अकरा वर्षांचं हे पोर पुण्यात गायलं, ते लोकमान्य टिळकांनी ऐकलं आणि कौतुकानं त्याला बालगंधर्व म्हटलं. तेच नाव पुढं कायमचं चिकटलं.

पण नारायणाला ऐकायला कमी येत होतं. गाणाऱ्या मुलाचे कानच अधू, म्हणजे पुढचं सगळंच अवघड. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं.

तिकडे किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते आणि त्यांच्या तोडीचा गळा मिळत नव्हता. त्या काळी बायका या नाटकांत काम करत नसत, त्यामुळं स्त्री भूमिकेसाठी गाणारा, देखणा मुलगाच लागायचा. महाराजांच्या शब्दानं नारायण १९०५ मध्ये कंपनीत आला. मूळचे हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच्याकडून कसून तालीम करून घेतली. उभं कसं राहायचं, पदर कसा सावरायचा, इथपासून सगळं शिकवलं. त्याच वर्षी मिरजेत सतरा वर्षांचा नारायण ‘शाकुंतल’ नाटकात शकुंतला म्हणून उभा राहिला आणि कंपनीला नायिका मिळाली.

खरी परीक्षा १२ मार्च १९११ ला झाली. मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. संगीत गोविंदराव टेंबे यांचं, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढं ढकलावा, असं मंडळींना वाटलं. पण प्रेक्षकांना माघारी पाठवायला ते तयार झाले नाहीत. घरचं दुःख आत ठेवून बावीस वर्षांचा हा बाप तोंडाला रंग लावून उभा राहिला. त्या रात्री भामिनी हसली, रुसली, गायली. नाटक गाजलं.

त्याच वर्षी कंपनीचे नानासाहेब जोगळेकर वारले आणि मंडळीत कुरबुरी वाढल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. वय अवघं पंचवीस. पुढं वैभव आलं, कर्जही आलं.

१५ जुलै १९६७ ला ते गेले. मिरजेत ज्या पोराच्या कानावर इलाज झाला, त्याच मिरजेत तो पहिल्यांदा नायिका म्हणून गायला, ही आठवण जिल्ह्यानं जपायला हवी.