अडॉल्फ केतले : राष्ट्रांना एका मापानें मोजूं पाहणारा गणिती

शाळेंत वैद्यकीय तपासणीच्या दिवशीं उंची व वजन मांडून झालें म्हणजे डॉक्टर हल्लीं एक लहानसें गणित करितात. वजनाच्या किलोग्रॅमांस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागावयाचें आणि येणारा अंक मुलाच्या वयाशीं ताडून तें कृश आहे कीं स्थूल याचा अंदाज बांधावयाचा. या अंकास बी. एम. आय. म्हणतात. हें नांव १९७२ सालीं पडलें. परंतु प्रौढ माणसाचें वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें, ही गोष्ट त्यापूर्वीं सुमारें एकशें चाळीस वर्षें एका बेल्जियन गणित्यानें दाखवून ठेविली होती. अडॉल्फ केतले हें त्यांचें नांव. वजन-उंचीचें हें गणित त्यांच्या कार्याचें अगदीं लहानसें अंग होय. निरनिराळ्या देशांनीं आपले आंकडे एकमेकांच्या आंकड्यांशीं ताडतां येतील अशा रीतीनें गोळा करावेत, यासाठीं त्यांनीं जी खटपट केली, तिचीच हकीकत आम्ही येथें मुख्यतः सांगणार आहों.

केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजीं घेंट शहरीं झाला. तेव्हां तें शहर फ्रान्सच्या अमलाखालीं होतें. १८१५ सालीं तें नेदरलंड्सच्या राज्यांत गेलें आणि १८३० च्या क्रांतीनंतर बेल्जियममध्यें आलें. म्हणजे आपला मुलूख न सोडतां या गृहस्थांनीं तीन राज्यें पाहिलीं. सात वर्षांचे असतांना त्यांचे वडील वारले. सतराव्या वर्षीं पोटासाठीं त्यांना गणिताची शिक्षकी पत्करावी लागली. तरुणपणीं त्यांची ओढ खरी होती ती चित्रकलेकडे आणि काव्याकडे. दांदलें नांवाच्या मित्राबरोबर त्यांनीं एक संगीत नाटकही लिहिलें. पुढें घेंटच्या नव्या विद्यापीठांतील प्राध्यापक गार्निये यांनीं त्यांचें मन गणिताकडे वळविलें आणि १८१९ सालीं त्या विद्यापीठाची विज्ञानांतील पहिली डॉक्टरची पदवी केतले यांनाच मिळाली. मुलाचें चित्त एका विषयांत रमत नाहीं म्हणून कष्टी होणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्याच वर्षीं ते ब्रुसेल्स येथें शिक्षक झाले. तेथें वेधशाळा नव्हती; ती असावी असा त्यांनीं सरकारकडे आग्रह धरला. वेधशाळा कशी चालवितात हें पाहण्याकरितां १८२३ च्या अखेरीस त्यांना पॅरिसला पाठविण्यांत आलें. तेथें दुर्बिणींपेक्षां दुसऱ्याच एका गोष्टीनें त्यांचें मन वेधून घेतलें. एकाच ताऱ्याचें स्थान अनेक वेळां मोजलें तर उत्तरें थोडथोडीं भिन्न येतात. पण हीं भिन्न उत्तरें खऱ्या स्थानाच्या दोहों बाजूंस नियमानें पसरलेलीं असतात. मध्याजवळ पुष्कळ, दूर जावें तसतशीं थोडीं. हें संभाव्यतेचें गणित लाप्लास, फूरिये इत्यादि थोर गणित्यांच्या सहवासांत ते शिकले. ताऱ्यांना जो नियम लागू पडतो, तो माणसांना कां लागूं नये, हा प्रश्न त्यांच्या मनांत तेव्हांपासून घर करून राहिला.

१८३५ सालीं त्यांनीं मनुष्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. उंची, वजन, शक्ति यांबरोबरच विवाह, आत्महत्या व गुन्हे यांचेही आंकडे त्यांनीं वर्षावर्षांचे लावून पाहिले आणि ते जवळजवळ सारखेच येतात हें पाहून ते स्वतःही चकित झाले. जणूं प्रत्येक समाज आपल्या तुरुंगांत किती माणसें जाणार याचें अंदाजपत्रक आगाऊच मांडून ठेवितो! या आंकड्यांच्या मध्यावर त्यांनीं एक ‘सरासरी मनुष्य’ कल्पिला. ग्रंथावर मोठा गहजब झाला. माणसाची इच्छा जर स्वतंत्र नाहीं, तर पापपुण्याचा जाब कोणी द्यावयाचा, असा टीकाकारांचा सवाल होता. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस तो हलका वाटत नाहीं. परंतु केतले यांचा रोख निराळा होता. गुन्ह्यांची संख्या स्थिर राहते ती समाजाची स्थिति बदलत नाहीं म्हणून. दारिद्र्य, अज्ञान व वाईट कायदे दूर केले तर ती संख्याही उतरेल, असें त्यांचें म्हणणें होतें. हें म्हणणें माणसास जबाबदारींतून सोडवीत नाहीं. उलट समाजालाही त्या जबाबदारींत ओढतें. ‘सरासरी मनुष्य’ हाच उत्तम मनुष्य, असें जें ते कधीं कधीं सुचवीत, तें मात्र आम्हांस पटत नाहीं. वर्गाची सरासरी काढतां येते; पण बांकावर कोणतेंही ‘सरासरी मूल’ बसलेलें नसतें.

माणसें मोजणें ही गोष्ट जुनीच. दावीद राजानें शिरगणती केली तेव्हां ती त्याला भोंवली, आणि औगुस्त कैसराच्या नांवनिशीमुळें एका गरीब सुताराला गर्भवती पत्नीसह बेथलेहेमची वाट धरावी लागली, हें आमच्या मुलांना ठाऊक आहे. राजे मोजीत ते सैन्यासाठीं आणि करासाठीं. लोकांना आपली स्थिति कळावी म्हणून मोजणें, ही मात्र नवी कल्पना होती. कांहीं भागांची गणना करून त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज काढावा, असा केतले यांचा प्रथम विचार होता. बॅरन द केव्हरबर्ग नांवाच्या अनुभवी अधिकाऱ्यानें हरकत घेतली कीं, प्रांताप्रांतांत इतका फरक आहे कीं असा अंदाज फसल्यावांचून राहणार नाहीं. केतले यांनीं ती मानली आणि संपूर्ण गणनेचा पुरस्कार केला. नमुना पाहणीचें शास्त्र विसाव्या शतकांत वाढलें, तें पाहतां त्यांनीं फार लौकर माघार घेतली असें आम्हांस वाटतें. १८४१ सालीं बेल्जियमनें मध्यवर्ती सांख्यिकी मंडळ स्थापून त्यांना अध्यक्ष केलें. या मंडळानें १८४६ मध्यें केलेली खानेसुमारी पुढें इतर देशांना कित्ता झाली. घरोघर नांवनिशीवार, एकाच दिवसाची स्थिति धरून गणना झाली आणि सुमारें ४३ लक्ष लोकसंख्या भरली.

परंतु एका देशाचे आंकडे कितीही चोख असले, तरी शेजाऱ्याचे आंकडे दुसऱ्या मापानें घेतलेले असतील तर तुलना कशाची करावयाची? एका देशांत मृत जन्मलेलें मूल जन्मांत धरीत, दुसऱ्या देशांत धरीत नसत. कोठें गणनेच्या रात्रीं जो हजर तो मोजीत, कोठें जो कायमचा रहिवासी तो. तापाला दहा देशांत दहा नांवें. कोणत्या देशांत मुलें अधिक दगावतात आणि कां, हा प्रश्न अशा आंकड्यांना विचारून उपयोग नव्हता.

१८३३ सालीं केंब्रिज येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेला गेले असतां केतले यांनीं मॅल्थस, बॅबेज आदि विद्वानांसह तेथें सांख्यिकीचा विभाग उघडविण्यांत पुढाकार घेतला. पुढल्याच वर्षीं लंडनची सांख्यिकी सोसायटी निघाली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं सर्व राष्ट्रांच्या परिषदेचा बेत ठरला आणि सप्टेंबर १८५३ मध्यें पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद ब्रुसेल्स येथें केतले यांच्या अध्यक्षतेखालीं भरली. दीडशेंच्या आसपास प्रतिनिधि आले. बेल्जियम हें अवघें तेवीस वर्षांचें, लहानसें राष्ट्र. त्याच्यापासून कोणास भय नव्हतें, आणि तेंच त्याचें बळ ठरलें असा आमचा तर्क आहे. त्याआधींच्याच महिन्यांत समुद्रावरील हवामानाच्या नोंदी जहाजांनीं एकसारख्या कराव्यात म्हणून तेथेंच दुसरी परिषद भरली होती. तिचेंही अध्यक्षस्थान केतले यांजकडेच होतें.

सांख्यिकी परिषदेनें केलेलें अत्यंत टिकाऊ काम म्हणजे मृत्यूच्या कारणांची सामायिक यादी. ती तयार करण्याचें काम तिनें इंग्लंडचे विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांना सांगितलें. दोघांचीं मतें जुळेनात. फार रोगांची वर्गवारी शरीराच्या भागांवर बसवूं पाहत, तर देस्पिन रोगाच्या स्वरूपावर. १८५५ सालीं पॅरिसच्या परिषदेनें दोन्ही याद्यांचा मेळ घालून १३९ सदरांची यादी मंजूर केली. पुढें तिच्यांत अनेक फेरफार झाले, १८९३ सालीं बर्तियों यांनीं तिला नवें रूप दिलें, आणि जागतिक आरोग्य संघटनेचें आजचें रोगवर्गीकरण याच परंपरेंतलें आहे.

१८६० सालीं परिषद लंडन येथें भरली. अध्यक्ष होते राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट. ते तरुणपणीं केतले यांचे शिष्य होते. येथेंच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं सर्व इस्पितळांनीं रोग्यांच्या नोंदी एकाच तऱ्हेनें ठेवाव्यात असा मसुदा मांडविला. त्या केतले यांना गुरुस्थानीं मानीत. पुढें हिंदुस्थानांतील लष्कराच्या आरोग्याची चौकशी झाली, तेव्हां छावण्याछावण्यांस प्रश्नांचे तक्ते पाठवून माहिती मागविण्याचें काम याच बाईंनीं केलें. त्या चौकशीचा अहवाल १८६३ सालीं निघाला. लंडनच्या या परिषदेंतला एक प्रसंग आम्हांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सभेंत मार्टिन डिलेनी नांवाचे कृष्णवर्णीय डॉक्टर बसले होते. लॉर्ड ब्रूम यांनीं भर सभेंत अमेरिकेच्या वकिलाचें लक्ष तिकडे वेधलें. डिलेनींनीं उठून आभार मानले आणि आपणही एक मनुष्यच आहों असें शांतपणें सांगितलें. सभागृह टाळ्यांनीं दणाणलें आणि अमेरिकेचे प्रतिनिधि लाँगस्ट्रीट रागानें निघून गेले. माणसें मोजण्यास जमलेल्या सभेंत कोणास माणूस म्हणून मोजावयाचें, हाच वाद निघावा!

या सुमारास केतले यांची प्रकृति पूर्वीची राहिली नव्हती. १८५५ सालीं त्यांना मेंदूच्या विकाराचा जबर झटका आला होता आणि स्मरणशक्ति अधू झाली. १८५८ सालीं पत्नी निवर्तली. तरी काम थांबलें नाहीं. १८६५ सालीं त्यांनीं हॉयशलिंग यांच्यासह अनेक राज्यांच्या लोकसंख्येचे आंकडे एकत्र मांडणारा ग्रंथ काढला. १८७२ सालीं, शहात्तराव्या वर्षीं, ते परिषदेसाठीं सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेले. १७ फेब्रुवारी १८७४ रोजीं ब्रुसेल्स येथें त्यांचें देहावसान झालें.

परिषदांचे ठराव कोणावरही बंधनकारक नव्हते. प्रतिनिधि मान डोलावून घरीं जात आणि पुष्कळदां जुनेच तक्ते चालू राहत. १८७६ ची बुडापेस्टची परिषद शेवटची ठरली. कायम मंडळ नेमून ठरावांना जोर आणावा हा बेत बिस्मार्क यांस रुचला नाहीं आणि जर्मनीनें अंग काढून घेतलें. १८८५ सालीं लंडन येथें आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्था निघाली, ती सरकारांची नव्हे तर विद्वानांची. याच संस्थेनें भारतीय सांख्यिकी संस्थेबरोबर १९५० सालीं कलकत्त्यास एक शिक्षणकेंद्र उघडलें. आशिया व आफ्रिका खंडांतील देशांनीं आपापल्या आंकडेखात्यांतील माणसें तेथें पाठवावीं, आणि त्यांनीं एका बांकावर बसून मोजण्याची एकच रीत शिकावी, अशी त्याची योजना आहे.